पुलाची पावडर

शेठ आमच्या ओटीवर बसून म्हणाला, "इथे मी मस्त पूल बांधणार," आणि माझ्या सासूने मला दुसऱ्यांदा चहा करायला आत पाठवलं.

त्यात तिची काही चूक नव्हती. पळसदरी स्टेशनावरून आमच्या घराकडे यायचं तर मध्ये वहाळ आडवा येतो. उन्हाळ्यात त्यातून शेळी पाय न भिजवता जाते, पण आषाढ-श्रावणात लोंढा आला की अलीकडचा माणूस अलीकडे नि पलीकडचा पलीकडे. नाहीतर मग धरणाच्या भिंतीकडून दीड कोसाचा वळसा. माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या वेळी सुईण पलीकडच्या काठावर छत्री धरून उभी होती आणि सासूने अलीकडे एकटीने निभावलं, ही गोष्ट लग्न होऊन आल्यापासून मी शंभरदा ऐकली होती. त्यामुळे पूल हा शब्द त्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जायचा. शेठ मुंबईचा, त्याच्या तोंडी पूल म्हणजे काय, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. त्याला वहाळाकाठचं आमचं भाताचं खाचर पाहिजे होतं. पुलाला जागा लागणारच की, असं म्हणत सासूने कागदावर अंगठा उठवला.

शेठने शब्द पाळला. पूल बांधला. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, आतून निळ्या फरशा लावलेला, गळ्याएवढ्या पाण्याचा.

सासू काठावर उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ह्यो पूल हाय? ह्याच्यावरनं जायाचं कसं?"

मी हसले. हसायला नको होतं, पण मी पहिल्यापासून अशीच, तोंडाला आवर नाही. "आई, ह्याच्यावरनं नाय जायाचं, ह्याच्यात उतरायचं," असं मी म्हटलं, आणि सासू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर तिने त्याला कधी पूल म्हटलं नाही. हौद म्हणायची, तेही नाक मुरडून. आम्हीही हौदच म्हणायला लागलो.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमचं राहतं घरही त्याच तुकड्यात गेलं होतं, म्हणून शेठने बंगल्याच्या मागे दोन खोल्या आम्हाला राहायला दिल्या. अट एकच. "मी कुठल्याही शनिवारी येईन. पाणी काचेसारखं पाहिजे. नाही जमलं तर सांगा, मी दुसरी माणसं बघतो." दुसरी माणसं म्हणजे आमचं बिऱ्हाड रस्त्यावर, हे त्याने बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला कळत होतं. राखणदार म्हणून नाव लागलं नवऱ्याचं. पण त्याला साजगावच्या एका कारखान्यात बदली कामगार म्हणून घेतलं, पाळ्या सुरू झाल्या, आणि हौद आला माझ्या गळ्यात. नवऱ्याला मी इथे नवराच म्हणते. तेव्हा 'हे' म्हणायचे. इतक्या वर्षांनी तेवढी मोकळीक मला घेऊ द्या.

पहिल्याच महिन्यात पाणी हिरवं पडलं. शेठने सांगून ठेवलं होतं की पुलाची पावडर आणायची आणि टाकायची, सोपं आहे. मी कर्जतच्या बाजारात गेले आणि दुकानदाराला म्हटलं, "पुलाची पावडर द्या."

"कुठल्या पुलाची?"

"पळसदरीच्या."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "केवढा हाय?"

"तीस फूट."

"मग धा किलो तरी लागंल," तो म्हणाला, आणि त्याने मला गोणपाटाच्या पिशवीत पांढरी पावडर बांधून दिली. मी ती डोक्यावरून आणली आणि सगळीच्या सगळी हौदात रिकामी केली. अहो, तो चुना होता. सरकारी माणसं पुलाच्या कठड्याला आणि मैलाच्या दगडांना मारतात तो चुना. दुकानदाराची काय चूक? पूल म्हटल्यावर तो बिचारा दुसरं काय देणार?

शनिवारी शेठ पाहुणे घेऊन आला तेव्हा हौदात ताक भरल्यासारखं दिसत होतं. त्याने विचारलं, "हे काय टाकलं?" मी म्हटलं, "पुलाची पावडर." त्यापुढे जी बोलणी खाल्ली ती इथे लिहीत नाही. हौद उपसून, फरशा घासून, पुन्हा भरेपर्यंत आठ दिवस गेले आणि माझ्या हातांची सालं निघाली.

शहाणं केलं मला ग्रामसेवकांनी. गावच्या विहिरीत टाकायला त्यांच्याकडे टीसीएल यायची, ती उग्र वासाची पांढरी पावडर. तिच्यातच क्लोरीन असतं, पाण्यातली घाण मारतं ते क्लोरीन, चुना नव्हे, असं त्यांनी मला शाळेतल्यासारखं समजावलं. मी अकरावी पास आहे हे कळल्यावर तर ते फारच खुलले. काचेची एक बोटाएवढी नळी आणि थेंबाची बाटली दिली. नळीत हौदाचं पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे. पिवळसर झालं तर क्लोरीन जिवंत आहे. रंगच आला नाही तर पाणी उघडं पडलंय, उद्या-परवा शेवाळ धरणार. पावडर कुठल्या दुकानात मागायची तेही त्यांनी सांगितलं, आणि "पुलाची म्हणू नका, टीसीएल म्हणा" असं वर बजावलं.

तर ते काम असं. दिवस कलला की बादलीत पावडर घ्यायची, पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं. नाकातोंडाला पदर बांधला तरी डोळ्यांतून धारा लागायच्या. मग पावडरीतला चुना खाली बसेपर्यंत थांबायचं, आणि वरचं निवळ तेवढं हौदाच्या कडेकडेने सोडत फिरायचं. दुपारी टाकून मोकळं होता येत नाही. उन्हात क्लोरीन उडून जातं. दोन दिवसांची एकदम टाकता येत नाही. पाहुण्यांचे डोळे चुरचुरतात. आणि एक दिवस चुकलं की फरशी बुळबुळीत. बरं, पावडरीवर तरी भरवसा ठेवावा? आमच्याकडच्या पावसात मिठाला पाणी सुटतं, तिथे ती काय टिकणार. डबा कितीही घट्ट लावा, पंधरा दिवसांत तिचे खडे व्हायचे, वास जायचा, आणि मग नळीत थेंब टाकावेत तर पाणी जसंच्या तसं. मेलेली पावडर घेऊन वहाळ ओलांडून पुन्हा बाजारात जायचं, आणि येताना नवी पावडर भिजू नये म्हणून डोक्यावर धरून पाण्यातून यायचं.

माझं माहेर चौकला. शटल गाडीने खोपोली, तिथून एसटी. उणीपुरी दोन-अडीच तासांची वाट, पण त्या काळात मी तिथे एक रात्रही राहिले नाही. भावाच्या मुलाचं बारसं होतं तेव्हा पाळण्याचा दोर हातात घेऊन उभी होते आणि डोळे सारखे घड्याळाकडे. वहिनी म्हणाली, "वन्सं, घरी कोण तान्हं ठेवून आलात काय?" सगळ्या बायका हसल्या. मला काही हसू आलं नाही. म्हशीला निदान रवंथ करायला तरी मोकळं सोडतात. मी संध्याकाळ झाली की जिथे असेन तिथून त्या बादलीपाशी हजर.

अशात एका श्रावणात ग्रामसेवक स्वतः वळसा घालून आमच्याकडे आले. गावात बालवाडी सुरू व्हायची होती. ताई म्हणून घ्यायला गावात शिकलेली बाई मी एकटीच. दिवाळीनंतर अलिबागला राहून तीन महिन्यांचं शिक्षण, मग इथेच नेमणूक. त्यांनी माझं नाव लिहूनही टाकलं होतं. मला काय झालं ते कसं सांगू? अकरावीचा निकाल हातात आला होता त्या दिवशी एवढा आनंद झाला होता, त्यानंतर एकदम तेव्हाच. सासूपुढे मी चक्क लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

नवरा पाळीवरून आला. मी सगळं सांगितलं. तो हात धूत म्हणाला, "जा की. मी कुठं नको म्हनतोय?"

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

"पन हौदाचं काय?" तो पुढे म्हणाला. "माझ्या पाळ्या हायत. आईला ते जमनार नाय. तीन म्हयने पानी कोन बघनार? त्याची सोय लाव नि जा."

बोलणं रास्त होतं. हौद बिघडला तर खोल्या जाणार, हे मलाही दिसत होतं. ग्रामसेवक म्हणाले, या वर्षी नाही जमलं तर पुढच्या दिवाळीपर्यंत नाव राखून ठेवतो. आणि मी शोधायला लागले असं क्लोरीन, ज्याला रोज माझे हात लागणार नाहीत. लोक देव शोधतात, मी हे.

आधी नवऱ्यानेच कारखान्यातून एक कॅन आणून दिला. कापड पांढरं करायचं पाणी असतं, त्यातही क्लोरीनच. ढवळायची कटकट नाही, नुसतं ओतायचं. पहिला आठवडा नळीत असा पिवळा रंग आला की मी हरखले. मग फाल्गुनातलं ऊन तापलं आणि कॅन फुगला. एका दुपारी टोपण उडालं, माझ्या जांभळ्या लुगड्यावर पांढरे शिंतोडे पडले ते कायमचे. आणि जे उरलं होतं त्याचा दम महिन्याभरात गेला. शिवाय ओतायला रोज माणूस लागणारच होता, तेव्हा माझी अडचण होती तिथेच.

मग बंगल्यावर पाहुणी आलेली एक बाई मला म्हणाली, "अहो, रोज कशाला ढवळता? त्याच्या गोळ्या मिळतात. पाण्यात सोडून द्यायच्या, हळूहळू विरघळतात." मी शेठला सांगितलं तर तो म्हणाला, "पावडरने चाललंय ना? मग?" त्याचं बरोबर होतं. त्याचं चालूच होतं.

मी कर्जतला औषधांच्या दुकानात गेले. पाण्याच्या गोळ्या मागितल्या. त्याने हरभऱ्याच्या डाळीएवढ्या गोळ्यांची बाटली पुढे ठेवली, एका घागरीला एक. मी तिथेच उभी राहून मनात घागरी मोजायला लागले आणि माझं मलाच हसू फुटलं. दुसऱ्या एका दुकानात माझं बोलणं पुरतं ऐकून न घेता डांबराच्या गोळ्या बांधायला घेतल्या. मी म्हटलं, "दादा, मला कपड्यांतली झुरळं नाही मारायची, मला सुटका करून घ्यायचीय." तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी गुपचूप बाहेर पडले.

घरी नवरा विचारायचा, "मिळाल्या का गं तुझ्या गोळ्या?" थट्टेने विचारायचा. मी म्हणायचे, मिळतील. पहिली दिवाळी तर केव्हाच हुकली होती. दुसरा पावसाळा आला. मला त्या पाण्याचा निळा रंग बघवेनासा झाला. कधीकधी वाटायचं, त्यात शेणाची पाटी उपडी करावी आणि चालू लागावं. पण चालत जाणार कुठे? वहाळ भरलेला.

भाद्रपद उतरणीला लागला तसा मी धीर केला. एका मंगळवारी पहाटे निघून मुंबईला गेले, थेट मशीद बंदरच्या रसायनांच्या दुकानांत. दोन ठिकाणी उभंही केलं नाही. तिसऱ्या दुकानात एक म्हातारा होता. त्याने विचारलं, "पाणी किती आहे? ऊन लागतं का?" इतक्या दिवसांत धडाचा प्रश्न विचारणारा पहिला माणूस. मला रडूच यायला लागलं. त्याने डबा काढला. पेढ्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या. कोरड्या ठेवा, आणि टीसीएलच्या डब्यात चुकूनही टाकू नका, भडका उडेल, असं त्याने मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. मी तो डबा मांडीवर घेऊन परत आले आणि दिवे लागायच्या आधी त्या दिवसाची बादलीही ढवळली. शेवटची म्हणून ढवळली.

आमच्याकडे मुलं पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकतात. तसा एक भोपळा सासूने माळ्यावरून काढून दिला. प्लास्टिकच्या डब्याला मी तापलेल्या खिळ्याने भोकं पाडली, आत गोळ्या घातल्या, डबा भोपळ्याखाली बांधला आणि दिला हौदात सोडून. तरंगत राहिला. रोज सकाळी नळी भरायची, दोन थेंब टाकायचे. पहिल्या दिवशी पिवळं. दुसऱ्या दिवशी पिवळं. मी पाण्याला हात लावला नाही, काठी उचलली नाही. आठ दिवस गेले आणि पाणी नितळ, तळाची फरशी मोजता यावी असं. मधल्या शनिवारी शेठ येऊन पोहून गेला, त्याला काही बदललंय हेही कळलं नाही. आठवड्यातून एकदा डबा उघडून गोळ्या भरायच्या, एवढंच काम उरलं. तेवढं नवऱ्याला सुट्टीच्या दिवशी जमलं असतं.

नवव्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "सोय लागली. मी उद्या नाव पक्कं करायला जाते."

नवरा घास हातात धरून थांबला. मग म्हणाला, "आनि घरचं कोन बघनार? आईचं?"

हौदाचं मी निस्तरलं होतं, आता हे घरचं कुठून आलं? पण मी तोंड उघडायच्या आत चुलीपासून सासू म्हणाली, "माझं मी बघीन. मला काय रोज ढवळायला लागतंय? जाऊ दे तिला."

मी हसले, सासूही हसली. किती दिवसांनी आम्ही दोघी एकदम हसलो. नवरा मात्र खाली बघून भात कालवत राहिला. मला वाटलं, आईपुढे बोलता येईना म्हणून गप्प आहे.

दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत गेले. जांभळं लुगडं नेसून गेले. चांगलं तेवढंच होतं, शिंतोडे निऱ्यांत लपवले. ग्रामसेवकांनी बसायला सांगितलं. मी म्हटलं, "या दिवाळीला मी येते. सगळी सोय झाली."

ते म्हणाले, "ताई, तुमचा तर नकार आलाय. होळीच्या सुमारास पक्की यादी मागवली होती, तेव्हाच. आम्ही दहिवलीच्या एका बाईंचं नाव घातलं. तालुक्यातून मंजूरही झालं."

मी म्हटलं, "मी कधी नकार दिला?"

त्यांनी फाइल काढली आणि कागद माझ्यापुढे ठेवला. 'घरगुती अडचणीमुळे मला येणे जमणार नाही, तरी माझे नाव कमी करावे.' खाली माझं नाव. अक्षर माझ्या नवऱ्याचं. र ला तो खाली शेपूट काढतो, ते सुद्धा होतं. ग्रामसेवक म्हणाले, "तुमच्या घरूनच आला म्हणून मी विचारलं नाही." त्यांच्यावर काय चिडायचं? मी कागद परत दिला.

त्या दिवशी नवऱ्याची पहिली पाळी होती. चारच्या सुमारास तो वहाळ ओलांडून आला तेव्हा मी हौदाच्या पायरीवर बसले होते. तो नळावर पाय धुवायला लागला.

"तुमी लिहून दिलंत?" मी विचारलं.

त्याला काय म्हणतेय ते लगेच कळलं. "दिलं," तो म्हणाला.

"मला न सांगता?"

त्याने एक पाय दुसऱ्या पायावर घासला, नळ बंद केला.

"तुमीच म्हणाला होता ना, सोय लाव नि जा? त्या शब्दावर मी वर्षभर वणवण केली. कॅन आणून तुमीच दिलात. गोळ्या मिळाल्या का म्हणून तुमीच विचारत होतात."

"म्हनालो व्हतो," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. "मला काय ठावं, तुला खरंच मिळतील."

तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही. नको म्हणायला लागू नये म्हणून त्याने मला न मिळणारी गोष्ट आणायला धाडलं होतं, आणि मी ती घेऊन आले होते. मी म्हटलं, "भाकरी झाकून ठेवलीय, जेवून घ्या." तो आत गेला.

दिवाळी झाली, आणि दहिवलीच्या त्या बाई अलिबागला गेल्या.